कुठे बसलाय ते आधी विचार

अरे,

रविवारी रात्री फोन ठेवला तेव्हा साडेअकरा झाले होते आणि नंतर मला झोप लागली नाही. त्यात तुझा दोष अर्धाच, बाकीचा माझ्या जुन्या भांडणांचा. तू म्हणालास, ताई, कंबरेवरच्या मशीनच्या डेटात ही अमेरिकेतली हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषी देशांच्या मुळाची माणसं दिवसाचे जवळजवळ बारा तास बसलेली दिसतात आणि फॉर्ममध्ये तीच माणसं लिहितात की आम्ही कामावर दिवसभर राबतो, मग खोटं कोण बोलतंय, माणूस की मशीन? आणि गाइडने सांगितलंय की प्रबंधाच्या डिस्कशनमध्ये 'सांस्कृतिक कारणं' असा एक पॅरा टाक आणि मोकळा हो.

तो पॅरा टाकू नकोस. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर एवढं तरी ऐक.

मला हे प्रकरण नवीन नाही. २००८ ते २०११ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो अशा चार ठिकाणी १६,४१५ हिस्पॅनिक माणसं घेऊन त्यांच्या तब्येतीचा तो अभ्यास सुरू झाला, सगळे त्याला 'सोल' म्हणतात, तेव्हापासून त्यातला प्रत्येक आकडा मी घरच्या किराणा बिलासारखा वाचलाय. साडेबारा हजारांच्या वर लोकांनी ते मशीन पुरेसे दिवस लावलं, आणि जागेपणीचे सोळा तास धरले तर सरासरी ११.९ तास, म्हणजे त्यातले चौऱ्याहत्तर टक्के, 'बैठे' निघाले. हाच आकडा तुला छळतोय ना? मग ते मशीन करतं काय ते नीट बघ. कंबरेला पट्टा, पट्ट्यावर काडेपेटीएवढी डबी, सात दिवस लावायची, झोपताना आणि अंघोळीला काढायची. ज्या मिनिटात डबीची हालचालीची मोजणी शंभराच्या खाली, ते मिनिट बैठं. बस, संपलं. व्याख्येत मात्र काय आहे? जागेपणी, बसून किंवा आडवं होऊन, अगदी कमी ताकद खर्च होत असेल ते बैठेपण. आता मला सांग, कंबरेवरच्या डबीला कसं कळणार की तू बसलायस की उभा आहेस? तिला फक्त कंबर हलली की नाही एवढंच कळतं. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून कोंबडी कापणारी बाई, शिलाई मशीनवरची बाई, दुकानात गल्ल्यावर आठ तास उभा असलेला पोरगा, या सगळ्यांचे हात चालतात, खांदे मोडतात, कंबर जागची हलत नाही. डबी म्हणते, बैठे. आणि फॉर्ममध्ये ती बाई लिहिते, कामावर खूप कष्ट. दोघंही खरंच बोलतायत रे.

हे मला कसं कळलं ते सांगते, पुस्तकातून नाही कळलं. शिकागोत एका छोट्या संस्थेत मी सर्व्हेचं काम करायचे, आमच्याकडेही असल्याच डब्या होत्या. लिटल व्हिलेज या तिथल्या मेक्सिकन वस्तीत एका चर्चच्या हॉलमध्ये आम्ही निकाल सांगायला गेलो, माझ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात स्पॅनिशमध्ये 'उठा, हला' वगैरे. मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली, बरं का, उभीच राहिली, आणि म्हणाली मी पॅकिंगच्या पट्ट्यावर आठ तास उभी असते, वर बसमध्ये जागा मिळाली नाही तर तिथेही उभी, घरी आल्यावर एक तास बसते तेवढाच माझा, तुमच्या डबीने माझ्याबद्दल काय लिहिलंय? मी हसले. 'चांगला प्रश्न आहे' म्हणाले आणि पुढची स्लाइड काढली. त्या बाईला मी रिपोर्टमध्ये बैठ्या लोकांत मोजलेलं होतं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रागाचा नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं एकच पालुपद आहे आणि तुझ्या आधीच्या चार पोरांनी त्याला कंटाळून मला फोन करणं सोडलंय. माणूस किती बसलाय हे नंतर, आधी कुठे बसलाय ते विचार.

आता तू म्हणशील, पण ताई, गटागटांत फरक तर आहे. आहे ना! सोलमध्ये डबीने मोजलेला जरा दमवणारा व्यायाम प्वेर्तो रिकन लोकांत सगळ्यात जास्त आणि क्यूबन लोकांत सगळ्यात कमी निघाला. हे वाचल्यावर लगेच हात शिवशिवतात की क्यूबन लोकांची संस्कृती अशी नि तशी. थांब. क्यूबन माणसं सॅम्पलमध्ये कुठून आली? बहुतेक सगळी मायामीतून. प्वेर्तो रिकन कुठून? बरीचशी ब्राँक्समधून. मायामीत उन्हाळ्यात दुपारी दारापासून गाडीपर्यंत गेलं तरी शर्ट भिजतो आणि दूध आणायचं तर गाडी काढावी लागते. ब्राँक्समध्ये सबवेचे जिने, लिफ्ट बंद पडलेल्या बिल्डिंगी, कोपऱ्यावरचं दुकान, गाडी लावायला जागाच नाही. मग तू मोजलंस काय, क्यूबनपण की मायामी? शहर आणि गट असे एकमेकांत गुंतलेत की नुसतं रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकडेमोडीच्या सूत्रात, 'शहर' टाकून ते सुटत नाहीत, कारण मायामीबाहेरच्या क्यूबनांच्या खान्यात माणसंच जवळजवळ नाहीत! शिकागो बघ. तिथे मेक्सिकन आणि प्वेर्तो रिकन दोघंही आहेत आणि थंडी दोघांना सारखीच कापते. तुलना करायची तर आधी तिथे करून बघ, हे तुला तुझ्या गाइडने सांगायला हवं होतं, असो.

डायबेटिसचंही तसंच, सगळ्यांचे मिळून १६.९ टक्के, पण मेक्सिकन मुळाच्या लोकांत १८.३ आणि दक्षिण अमेरिकन मुळाच्या लोकांत १०.२. ही सगळी माणसं १९८० च्या जनगणनेपासून प्रत्येक घराच्या फॉर्मवर 'हिस्पॅनिक' या एका खुणेखाली आली, म्हणून काय ती एका खुर्चीवर बसायला लागली? आपल्याला इथे 'साउथ एशियन' म्हणून एका पिशवीत घातलं की आपण किती चिडतो. आपल्या लोकांवरही असा अभ्यास आहे, 'मसाला' नावाचा, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोत, २०१० पासून. माझ्या आईला तिथे डबी लावली असती तर ती सकाळी दोन तास पाटावर बसून विळीवर भाजी चिरते, म्हणजे ठार बैठी. ती त्या दोन तासांत जमिनीवरून दहा वेळा उठते ते माझ्या गुडघ्यांना विचार, मला एकदा उठायला खुर्ची धरावी लागते.

आणि सॅन दिएगोत राहून तू मला विचारतोस की ही माणसं कुठे बसतात? सॅन इसिद्रोला मेक्सिकोच्या बॉर्डरवर पहाटे गाड्यांची रांग बघितलीस का कधी? पलीकडच्या तिह्वानाहून कामाला, शाळेला येणारी माणसं गाडीत तासन् तास बसून असतात, पुढची गाडी सरकली की आपण सरकायचं. तो वेळ कोणत्या संस्कृतीत घालणार आहेस? तुझ्या टेबलात तो टीव्ही बघणाऱ्याच्या वेळाशेजारीच बसणार. गंमत बघ, स्पॅनिशमध्ये 'सेदेंतारिओ' म्हणजे बैठा आणि तोच शब्द एका जागी वस्ती करून राहणाऱ्यालाही, भटक्याच्या उलट. देश सोडून आलेल्या माणसांना आपण तो शब्द लावतोय. (तुझं स्पॅनिश 'ग्रासियास'च्या पुढे गेलंय का? मागच्या दिवाळीत शपथ घेतली होतीस.)

आता दुसरी बाजू, कारण माझ्यासारखं होऊ नकोस. त्या बाईनंतर मी इतकी हट्टाला पेटले की मोजमापच खोटं म्हणायला लागले. मीटिंगमध्ये भांडले, पेपरवरून नाव काढून घेतलं, प्रोजेक्ट सोडला. मी बरोबर होते, आजही म्हणेन बरोबर होते, पण झालं काय? माझ्या जागी आलेल्याने तो 'सांस्कृतिक' पॅरा आरामात लिहिला, छापूनही आला, आणि मी घरी बसून बरोबर राहिले. लोक म्हणाले ताठ आहे, मी म्हणाले तत्त्व आहे. खरं सांगू का, थोडी भीतीपण होती. त्या हॉलमध्ये परत जाऊन 'आमचं चुकलं' म्हणायचं मला जमलं नसतं, त्यापेक्षा राजीनामा सोपा वाटला. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं, तूही कुणाला सांगू नकोस.

आणि मोजमाप खोटं नाहीये. सोलमध्येच दिसलं की डबी ज्यांचा बैठा वेळ जास्त दाखवते त्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, इन्सुलिन जास्त, साखरेचं पाणी पिऊन दोन तासांनी येणारी साखर जास्त, आणि हे आठवड्याचा दीडशे मिनिटांचा व्यायामाचा कोटा पुरा करणाऱ्यांतही. न उठता सलग किती वेळ, याचाही साखरेशी संबंध निघालाय. म्हणजे बसणं बाधतं अंगाला, ते खरंच आहे. म्हणून तर म्हणते, कुठे बसलाय ते विचार, कारण ज्याच्या हातात उठणंच नाही त्याला 'उठ' म्हणून काय होणार? ट्रकवाला कुठे उठणार? आणि पट्ट्यावरच्या बाईला बसायला स्टूल हवंय, तिला तू उठायला सांगणार?

१९५३ साली लंडनच्या बसवाल्यांवर ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांचा पेपर आला, तो तुला पाठ असेल, ड्रायव्हरला हार्टचा त्रास जास्त, डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरला कमी. पण त्यांचं १९५६ चं काम वाच, युनिफॉर्मचं. कामावर लागताना मिळालेल्या पँटींची मापं त्यांनी काढली आणि ड्रायव्हर आधीपासूनच कमरेला जाड होते असं निघालं. स्वतःच्याच गाजलेल्या निकालावर स्वतःच शंका घेतली माणसाने, तेही शिंप्याच्या मापावरून! ड्रायव्हर आळशी आहेत असं एका ओळीत लिहून त्यांनाही मोकळं होता आलं असतं.

तुझं मला हेच आवडत नाही. कोड सुंदर लिहितोस, ग्राफ काढतोस ते बघत राहावेत असे, पण माणसाला प्रश्न विचारायचा म्हटलं की तोंडाला कुलूप. फॉर्ममध्ये लोकांनी कामाबद्दल काय लिहिलंय ते तुझ्याकडे आहे, डबीचं मिनिटामिनिटाचं आहे, कामाच्या दिवसाचं आणि सुट्टीचं वेगळं काढता येतं. जो कामाच्या दिवशी बैठा आणि सुट्टीला हलता, आणि जो याच्या उलट, हे दोघं सरासरीत एकसारखे दिसतात. वेगळे काढ. उभ्याने काम करणाऱ्यांना डबीने बैठं धरलं असण्याची शक्यता मर्यादांमध्ये ढकलू नकोस, निकालातच लिही, वर लिही, जिथे गाइडला ओलांडून जाता येणार नाही. तो चिडेल. चिडू दे. पण प्रोजेक्ट सोडून माझ्यासारखा घरी मात्र येऊ नकोस, तुला घरी बसायची सवय लागली तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू.

अडीच तास झाले मी हे लिहितेय आणि एकदाही उठले नाही, पाठ भरून आलीये. या शनिवारी ट्रॉलीची, म्हणजे तुझ्या गावातल्या लोकल रेल्वेची, ब्लू लाइन पकड आणि सॅन इसिद्रोपर्यंत जा, पहिल्या गाडीने. त्या गाडीत कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण उभ्या उभ्या झोपलंय, वहीत लिही, लॅपटॉप नेऊ नकोस. मग दुसरा चॅप्टर पाठव. आणि फाइलचं नाव 'फायनल फायनल २' ठेवू नकोस, मागच्या वेळी मी जुनीच उघडून रात्रभर तिच्यावर शेरे मारत बसले होते.

तुझी ताई