साइटवरचं देवनागरी हेच तुझं पहिलं काम

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझ्या कामांच्या साइटची लिंक आधी फोनवर उघडली, मग लॅपटॉपवर, आणि खात्री करायला पुन्हा फोनवर. कामं चांगली आहेत. कवितासंग्रहाचं ते निळं मुखपृष्ठ तर मी मोठं करून बराच वेळ बघत बसलो. साइट मात्र या कामांची बाजू घेत नाही. ‘स्पष्ट सांगा, काका’ असं लिहिलंयस, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

तू मुखपृष्ठांची अक्षरं करतेस. तुझ्या साइटवर येणार तो एखादा प्रकाशक, दिवाळी अंकाचा संपादक, नाहीतर जाहिरात संस्थेतला कुणी आर्ट डायरेक्टर. तुझं एकही काम उघडण्याआधी त्याला काय दिसतं? वर तुझं नाव, मेनूतले चार शब्द आणि परिचयाच्या दोन ओळी. तिथलंच मराठी विस्कटलेलं असेल, तर खालची मुखपृष्ठं तूच केलीस यावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ तो देणार नाही. छायाचित्रकाराचं किंवा वास्तुरचनाकाराचं एकवेळ तयार टेम्पलेटवर, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यावर, निभावून जातं. तुझं नाही निभावणार.

‘निवडक कामं’ हे शीर्षक घे. टेम्पलेट इंग्रजीसाठी बनलेलं आहे. तिकडे कॅपिटल अक्षरांतल्या शीर्षकाला अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडली की ते देखणं दिसतं, म्हणून लेटर-स्पेसिंग आधीच भरून ठेवलंय. देवनागरीला ते लागलं की शिरोरेषा तुटते. नि, व, ड, क असे रुळावर सुटे पडलेले डबे दिसतायत. ते स्पेसिंग शून्य कर, मेनूतलंसुद्धा. परिचयात ‘सर्वांसाठी’ असा शब्द आहे, त्यातल्या ‘र्वां’वरचा रफार आणि अनुस्वार वरून कापला गेलाय. त्याच्या खालच्या ओळीतली वेलांटी वरच्या उकाराला जाऊन भिडते. कारण एकच: ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट आहे. इंग्रजीला ते चालून जातं, पण आपल्या अक्षराला वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार असा दोन्हीकडे पसारा असतो. १.६ किंवा १.७ कर आणि शीर्षकांना वेगळं तपासून घे. आणि ते तिरकं केलेलं अवतरण आधी सरळ कर. फॉन्टमध्ये इटॅलिक नसलं की ब्राउझर उभी अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतो. हातात बोरू धरणाऱ्या मुलीच्या पानावर असली अक्षरं बघवत नाहीत.

आता ‘ल’ आणि ‘श’. तुझ्या साइटवर दोन्ही हिंदी वळणाचे आलेत: दंडाचा ल, शेंडीफोड्या श. मराठीला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही तेच सांगितलंय, पण तुला शासनाने सांगायची गरज नाही, तुझ्या सगळ्या मुखपृष्ठांवर तू मराठी वळणच काढलंयस. म्हणजे वर हिंदी ल, खाली चित्रात मराठी ल. पानाच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला भाषेची खूण असते. टेम्पलेटने तिथे ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, लिहून ठेवलंय. ते ‘एमआर’ कर. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, तो ही खूण बघून मराठी रूप पुढे करतो. अंध वाचकासाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यावरूनच भाषा कळते.

फॉन्ट तू नेमलेलाच नाहीस. म्हणून अँड्रॉइडवर नोटो दिसतो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला. एकाच पानाचे तीन चेहरे, आणि त्यातला एकही तुझा नाही. ‘एक टाईप’ या संस्थेचा मुक्ता घे, किंवा मजकुराला पुस्तकी चेहरा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी. तिरोवाल्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फॉन्ट काढलेत, त्यामुळे ल-श चा प्रश्नच उरत नाही. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, फुकट मिळतात. फाइल हलकी करायला कुणी फॉन्टमधली ‘नको असलेली’ अक्षरं काढून दिली, तर आधी ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘ष्ट्य’ आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्या टाइप करून बघ. बऱ्याचदा जोडाक्षरंच उडालेली असतात. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ज्याची गिचमिड होते) टाइप केलेला मजकूर कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधून उचलून साइटवर चिकटवायचा नाही, हे तुला माहीत असेलच. तरी ‘पुरस्कार’ पानावर एका ओळीत तसली गिचमिड उरली आहे.

कामं किती ठेवायची? आत्ता तेवीस आहेत. सात-आठ पुरेत. नातेवाइकांच्या लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, दुसऱ्या वर्षातले वर्गपाठ सगळं काढ. मंडळाच्या अहवालावर तुझा जीव आहे, कळतं मला, पण तिथे तुझं म्हणावं असं अक्षर एकच आहे, आणि तेच अक्षर निळ्या मुखपृष्ठावर जास्त चांगलं उतरलंय. जे काम पुन्हा मिळालं तर आवडेल तेच दाखव. माणसं दाखवलेलंच मागतात. पत्रिका दाखवशील तर पत्रिकाच येत राहतील.

उरलेल्या प्रत्येक कामाखाली लिही. या बाबतीत तुझ्या वयाची सगळी मुलं कंजुषी करतात. आत्ता लिहिलंयस: ‘दिवाळी अंक मुखपृष्ठ. माध्यम: शाई, फोटोशॉप.’ याने काय कळलं? फोनवर तू मला सांगितलं होतंस ते आठव. स्टॉलवर दिवाळी अंक एकावर एक सरकवून मांडतात, प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्साच काय तो उघडा राहतो. म्हणून संपादक नाव मध्यभागी मागत असतानाही तू ते वर नेलंस. मग वर नेल्यावर वेलांट्या कापल्या जातील म्हणून शिरोरेषाच जाड करून वेलांट्या आखूड केल्यास. आधी केलेले दोन नमुने संपादकांनी का नाकारले, हेही सांगितलं होतंस. हे सगळं पाच-सहा वाक्यांत लिही आणि त्या नाकारलेल्यांपैकी एक नमुना शेजारी लहान करून ठेव. काम देणारा माणूस हातातली कला दोन सेकंदांत बघतो. त्यानंतर त्याला हे बघायचं असतं की अडचण आली की ही मुलगी डोकं कसं चालवते, आणि आपण काही सुचवलं तर ऐकून घेते की फणकारते.

मराठीतच लिही. इंग्रजी एक छोटं पान वेगळं असू दे, पुण्या-मुंबईबाहेरच्यांसाठी. पण ‘उत्कट सर्जनशील व्यक्तिमत्त्व’ असलं काही तुझ्या परिचयात नको. तू काय करतेस, कुठे राहतेस, कसली कामं घेतेस, एवढं पुरे. आणखी एक: चित्रातलं अक्षर गुगलला वाचता येईल याचा भरवसा धरू नकोस. पुस्तकाचं नाव, प्रकाशन, तू नेमकं काय केलंस हे युनिकोडमध्ये खाली टाइप केलेलं असेल तरच ‘मराठी मुखपृष्ठ अक्षरांकन’ शोधणारा तुझ्यापर्यंत येईल. तुझं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे हवं.

नोकरीतली चार कामं टाकलीयस, त्याबद्दल जरा सावध करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचंही तसंच. कलम ५७ मात्र कर्ता म्हणून तुझं नाव तुझ्याकडे ठेवतं. तेव्हा ईमेल करून परवानगी माग. बहुतेक देतात. छापून न आलेली, ग्राहकाने पसंत न केलेली कामं तर विचारल्याशिवाय मुळीच टाकू नकोस. आणि तिघांनी मिळून केलेल्या कामावर ‘अक्षरांकन: मी, चित्र: अमुक, मांडणी: तमुक’ असं लिही. आपलं क्षेत्र लहान आहे, तो अमुक तुझी साइट बघणारच.

चित्रं उघडायला फार वेळ लागतो. छपाईसाठी केलेल्याच फाइली चढवल्यास ना? त्यातली दोन सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या रंगपद्धतीत, आहेत, म्हणून तो कुंकवाचा लाल फोनवर भडक दिसतो. एसआरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, बदल. साइटवर डीपीआयला (छपाईत इंचामागे मोजायच्या ठिपक्यांना) अर्थ नसतो, पिक्सेल मोज: रुंदी सोळाशेच्या आसपास, वेबपी फॉरमॅट, दोन-तीनशे केबी. गावाकडच्या नेटवरही उघडेल.

इन्स्टाग्राम आहे तर साइट कशाला, असं तुझ्या भावाने विचारलंन् म्हणे. त्याला सांग, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, आणि याहूने जिओसिटीजवरची लोकांची पानं २००९ मध्ये मोडीत काढली. इन्स्टाग्राम चालू ठेव, पण पत्ता स्वतःचा असू दे. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुझ्या नावावर, तुझ्याच ईमेलवर घे. साइट करून देणाऱ्या मित्राच्या खात्यात नको, मित्र कितीही चांगला असला तरी. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नकोस, नूतनीकरणाचा बघ आणि ते आपोआप होईल असं लावून ठेव. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, देवनागरीत पत्ता असण्याची हौस मलाही आहे. पण तो पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य अक्षरं उमटतात, आणि लोकांना तो फसवणुकीचा मेसेज वाटतो. जोडीला घे हवं तर. मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम. तुझ्या आडनावातल्या ‘व’ला व्ही की डब्ल्यू हा घोळ आहेच, जमलं तर दोन्ही घे. होस्टिंगला, म्हणजे साइट ठेवायच्या जागेला, पैसे घालू नकोस. एवढ्याशा साइटला गिटहब पेजेस फुकट पुरतं.

तुझी लिंक फिरणार व्हॉट्सअॅपवर. एक प्रकाशक दुसऱ्याला पाठवणार. आत्ता पाठवली की खाली टेम्पलेटवाल्याचं चित्र आणि ‘माय साइट’ असं येतं. लिंकखाली काय दिसावं हे ठरवणारे ओपन ग्राफचे टॅग पानाच्या कोडमध्ये भर: तुझं नाव, एक ओळ, आणि १२०० बाय ६३० पिक्सेलचं एक चित्र. त्या चित्रात एकच शब्द मोठा काढ, तुझ्या हातचा. तुझी साइट न उघडताही पुष्कळ लोक तेवढं बघतील.

‘अजून ब्लॉगचं पान आणि अॅनिमेशन राहिलंय, म्हणून पुढच्या महिन्यात’ असं लिहिलंयस. अॅनिमेशन नकोच, आणि ब्लॉगचं रिकामं पान तर त्याहून नको. सात कामं, त्यांच्याखालचा मजकूर, परिचय, ईमेल एवढं झालं की लाव. त्याआधी घरात या धंद्याशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात फोन दे. तुझी आजी चालेल, चष्मा लावून. काही समजावू नकोस, फक्त विचार की ही मुलगी काय काम करते आणि तिला निरोप कसा धाडायचा. आजीला ईमेल सापडला नाही तर प्रकाशकालाही सापडणार नाही. डोमेन जोडल्यावर साइट लगेच दिसली नाही तर घाबरून सेटिंग बदलत बसू नकोस, काही तास, क्वचित एखाद-दोन दिवस लागतात. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ (सुरक्षित जोडणीची खूण) आलं की मगच लिंक पाठवायला लाग. दिवाळी अंकवाल्यांची मुखपृष्ठांची शोधाशोध पावसाळ्यात सुरू होते, त्याच्या आत हे होऊ दे.

बाकी सगळं सवडीने कर, पण ‘संपर्क’ पानावर जी बायोडेटाची पीडीएफ ठेवलीयस ती हे पत्र वाचून झाल्या झाल्या काढ. त्यात घरचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख, वडिलांचा मोबाइल नंबर, सगळं आहे. तो कागद नोकरीच्या अर्जाला जोडायचा, जगाला वाटायचा नाही. काढल्यावरही गुगलमध्ये तिची प्रत काही दिवस दिसू शकते. साइटच्या मालकांसाठी गुगलचं सर्च कन्सोल आहे, त्यातून ती हटवण्याची विनंती करता येते. जमलं नाही तर रात्री फोन कर, मिळून करू.

तुझा,
काका