रेसची बोट घेऊन गोव्याला जायचंय

प्रश्न : काका, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी आणि एका मित्राने मिळून मुंबईत एक जुनी जे-२४, म्हणजे २४ फुटी शिडाची रेसची बोट घेतली. रेस भरपूर केल्या, पण दर रविवारी पाच जणांचा क्रू जमवायचा म्हणजे डोक्याला ताप, एकाचं लग्न, एकाची शिफ्ट. २०२५ च्या मे महिन्यात नौदलाच्या दोघीजणी तारिणी या शिडाच्या बोटीवरून जगाला फेरी मारून परत आल्या, ते बघून आम्हालाही खाज सुटली. डिसेंबरात दोघांनीच गोवा आणि जमलं तर पुढच्या वर्षी कोची. आत झोपायला पक्के बंक, १०० लिटरची टाकी, गॅसची शेगडी आणि छोटा फ्रीज टाकायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फ्रीजपासून नको एवढं नक्की. अरे, तारिणी ५६ फुटी, गोव्यात बांधलेली आणि मुळातच लांब पल्ल्यासाठी. तुझी २४ फूट, सगळं मिळून १४०० किलोच्या आसपास, त्यामुळे तिच्यात घर वसवायला गेलास तर धड घर नाही आणि धड बोट नाही. एक हिशेब मात्र तुमच्या बाजूने आहे. या बोटींच्या रेसच्या नियमात क्रूचं वजन ४०० किलोपर्यंत चालतं, तुम्ही दोघं मिळून दीडशे धर, म्हणजे पाणी, खाणं, नांगर, बॅटरी सगळ्याला अडीचशे किलो उरले. त्याच्या वर जाऊ नकोस, आणि जड वस्तू डोलकाठीजवळ, खाली. टाकीऐवजी १० लिटरचे कॅन घे, रिकामे झाले की हलवता येतात.

वजनावर एवढा का अडून बसलोय ते सांगतो. डिसेंबरात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, दुपारनंतर वायव्येचा वारा, त्यामुळे गोव्याकडे जाताना तो मागून मिळतो आणि आपण फार भारी खलाशी आहोत असं वाटायला लागतं. परतताना तोच वारा नाकावर, आणि ते सव्वादोनशे सागरी मैल टॅक मारत मारत, म्हणजे वाऱ्याला तिरकं, नागमोडी यायचे. वाऱ्यात चढणं हाच या बोटीचा खरा गुण आहे, तो फ्रीज आणि कपाटांखाली दाबून टाकलास तर येताना रडशील.

आता पहिला खर्च. कॉकपिटमधल्या लॉकरची झाकणं. ही बोट जोरात आडवी झाली आणि झाकण उघडं असलं की पाणी थेट आत शिरतं, अशा जे-२४ बुडाल्यात, ही काय भीती घालायची गोष्ट नाही, माहीत असलेली गोष्ट आहे. प्रत्येक झाकणाला नवी रबर पट्टी आणि न निसटणारी कडी, आणि बंदरातून निघताना कडी लावलेलीच. शिवाय एक हातपंप कॉकपिटमधून चालवता येईल असा.

मग डेक. आत बाल्सा लाकडाचा थर आहे, जुन्या बोटीत फिटिंगच्या स्क्रूमधून पाणी झिरपून तो कुजतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथे काम आहे. नवीन काही बसवताना भोक मोठं पाड, इपॉक्सी (घट्ट होणारा राळेसारखा चिकट पदार्थ) भर, आणि त्यातून परत लहान भोक. कंटाळवाणं आहे पण फ्रीजच्या पैशात होतं. कीलचे, म्हणजे बोटीच्या तळाच्या जड पात्याचे, बोल्टही कुणा जाणत्याला दाखव.

शिडाचं म्हणशील तर रेसमध्ये कडेला बसून वजनाने बोट सावरणारी तीन माणसं आता नाहीत, म्हणून वारा वाढला की लवकर शीड कमी करावं लागणार. मेनसेलला (मुख्य शिडाला) दोन रीफ, म्हणजे शीड लहान करायच्या पट्ट्या, शिवून घे, पुढचं मोठं शीड जिनोआ घरी ठेव, लहान जिब पुरे. स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्याचं फुगणारं मोठं शीड, दोघांत उडवायचा मोह होईल, होऊ दे.

रेसचा तो खेळण्यातला नांगर कोकणात चालत नाही. सात-आठ किलोचा, सोबत आठ मीटर ८ मिलीमीटरची साखळी आणि ५० मीटर नायलॉन दोर. दोर सोडताना भरतीची खोली धर, उधाणाला मुंबईकडे चार-पाच मीटर पाणी चढतं, आणि ओहोटीला तुझी चार फुटांची कील चिखलात बसणार नाही हेही बघ. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो तिथे घाईने शिरू नकोस. जयगड, विजयदुर्ग चांगले आहेत.

पेट्रोलचा कॅन केबिनमध्ये नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते, एलपीजीचंही तसंच, म्हणून शेगडी स्पिरिटची. टॉयलेट म्हणजे झाकणाची बादली, मित्राला हे आधी सांग. व्हीएचएफ रेडिओ, दिवे, एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) आणि ५० वॅटचं सोलर पॅनल पुरेल. रात्री जाळ्यांना दिवा असेलच असं नाही, तेव्हा शक्यतो दिवसाच चाल.

डिसेंबरच्या आधी मुरूडपर्यंत जाऊन दोन रात्री नांगरावर काढा, तेही फ्रीजशिवाय. कोचीचं मला पुढच्या दिवाळीला विचार.