बहिणीच्या नावाने फेक अकाउंट काढून एडिट केलेले फोटो टाकतायत, घरचे म्हणतात दुर्लक्ष कर आणि तुझं अकाउंट बंद कर. हा सायबर क्राईम धरतात का? अजून कशाकशाला धरतात?

हो, गुन्हा आहे. आणि बहिणीचं अकाउंट अजिबात बंद करू नका. "घरचे म्हणतात दुर्लक्ष कर" हे वाचलं आणि लिहायलाच बसले, कारण आमच्या घरातही अगदी हेच ऐकलंय आणि त्यावरून मोठ्या मामांशी झालेलं माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

माझ्या मावसबहिणीबरोबर झालं होतं. तिच्या नावाचं इन्स्टा अकाउंट, डीपीला तिचा चेहरा, आत चेहरा तिचा आणि शरीर भलत्याच कुणाचं असले फोटो, वर त्या अकाउंटवरून तिच्याच वर्गातल्या मुलांना मेसेज. तिला कळेपर्यंत निम्म्या वर्गाने बघितलं होतं. घरी सांगितलं तर मामांचं पहिलं वाक्य, "मुलींनी फोटो टाकायचेच कशाला?" मावशी रडतेय, ही गप्प, आणि मामांनी तिचा फोन घेऊन तिचं खरं अकाउंट डिलीट करायला लावलं. झालं काय, तर नेटवर तिच्या नावाचं एकच अकाउंट उरलं, ते खोटं. ज्यांना शंका आली असती त्यांना पडताळून बघायलाही काही राहिलं नाही आणि ती मात्र स्वतः "हे माझं नाही" असं कुठे लिहूही शकेना.

मी ते फोटो तिच्याबरोबर बसून नीट बघितले. एकात घरच्या कार्यक्रमातला ड्रेस होता. तिचं अकाउंट प्रायव्हेट होतं आणि तो फोटो तिने कधीच टाकला नव्हता. तो होता मामांच्या फेसबुक अल्बममध्ये, सगळ्या जगाला दिसेल असा. मी मामांना दाखवलं तर ते चिडले, म्हणाले मग काय मी गुन्हेगार का आता? मी म्हटलं नाही मामा, तुम्ही पण नाही आणि ती पण नाही, घरच्या मुलीचा साधा फोटो टाकणं हा गुन्हा नाहीच, ज्याने तो उचलून घाण केली तो गुन्हेगार. हे त्यांना आजपर्यंत पटलेलं नाही. पुढे तपासात नात्यातलाच एक मुलगा निघाला, तेव्हा तर "घरातली गोष्ट आहे, मिटवून टाका, त्याचं करिअर आहे" सुरू झालं. तिच्या करिअरबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. तिने तक्रार मागे घेतली नाही आणि मला तिचा प्रचंड अभिमान आहे.

आता तुमचं. प्रोफाइल रिपोर्ट करायच्या आधी पुरावा गोळा करा, कारण एकदा ते उडालं की तुमच्या हातात काही राहत नाही. नुसत्या नावाचा स्क्रीनशॉट पुरत नाही, तो नाव बदलून टाकतो, पूर्ण लिंक कॉपी करा आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. ज्या फोनवर मेसेज आले तो फोन फॉरमॅट करू नका, कोर्टात डिजिटल पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, इकडून तिकडे फॉरवर्ड होऊन आलेल्या स्क्रीनशॉटला वजन नसतं. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पोलीस स्टेशनला "सायबरकडे जा" म्हणून परत पाठवतात, आम्हालाही पाठवलं. आयटी कायद्याखालचा तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो हे खरं, पण म्हणून तक्रार घ्यायचीच नाही असं नाही. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार तिथेच नोंदवायची, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे.

अकाउंट ज्या ॲपवर आहे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पण लिहा. मॉर्फ केलेले फोटो पीडित व्यक्तीच्या तक्रारीवरून काढायला २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली होती, २०२६ च्या दुरुस्तीने ती आणखी कमी केली. नग्न फोटो असतील तर स्टॉप एनसीआयआय नावाची साईट आहे, तिथे फोटो अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक कोड बनतो आणि तो जोडलेल्या कंपन्यांकडे जातो, मग तोच फोटो त्यांच्याकडे परत कुणी टाकला तर ओळखता येतो.

कशाकशाला धरतात विचारलंय तर थोडक्यात: दुसऱ्याच्या नावाने वावरणं आणि फसवणं आयटी कायद्याचं ६६ सी आणि ६६ डी, अश्लील मजकूर पसरवणं ६७ आणि ६७ ए, संमतीशिवाय खाजगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पसरवणं ६६ ई. नाही सांगूनही मेसेज करत राहणं हा पाठलाग, न्याय संहितेचं कलम ७८. "पैसे दे नाहीतर व्हायरल करतो" ही खंडणी, आणि त्याला एक रुपयाही देऊ नका, दिला की पुढची मागणी येतेच. कोणी ६६ ए (आक्षेपार्ह मेसेजचं जुनं कलम) लावा म्हणालं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टाने ते २०१५ लाच रद्द केलंय.

मी वकील नाही, वरचं सगळं आमच्या केसच्या निमित्ताने वाचून आणि विचारून कळलेलं. पाठलागाचं कलम फक्त बाईला त्रास झाला तर लागतं, मुलगा असेल तर बाकीची कलमं बघावी लागतात. बहीण १८ च्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागू शकतो, आणि तेव्हा ते फोटो पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकू नका. पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि तपासाला महिने लागतात, आमच्याकडे लागले, त्याची तयारी ठेवा.

तक्रार बहिणीला तिच्या शब्दांत लिहू दे, घरातल्या मोठ्यांना त्यातली वाक्यं खोडू देऊ नका. स्टेशनला तिच्याबरोबर जो तिला "फोटो टाकलासच कशाला" विचारणार नाही तोच जाऊ दे, मग तो वयाने लहान असला तरी चालेल.