काजऱ्याचं विष आणि धनुर्वात

प्रश्न : काजऱ्याची म्हणजे कुचल्याची बी पोटात गेली की माणूस धनुर्वात झाल्यासारखाच ताठतो. एक झाडाचं विष, दुसरा जंतूंचा रोग. मग लक्षणं सारखी कशी? आणि दोन्हींत झोपेचंच औषध का देतात?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : घाव एकाच जागी बसतो म्हणून. मेरुरज्जूतल्या चालक चेतापेशी स्नायूंना आकुंचनाचा हुकूम देतात आणि शेजारच्या छोट्या पेशी ग्लायसिन हे रसायन सोडून त्यांना आवरतात. ग्लायसिन चालक पेशीवरच्या ग्राहीवर, म्हणजे ते ओळखून धरणाऱ्या प्रथिनावर, बसलं की ग्राहीतलं छिद्र उघडतं, क्लोराइड आयनांना वाट मिळते. त्यामुळे पेशीचं व्होल्टेज (मुळात उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास) दरवेळी खूप खाली जातं आणि म्हणून पेशी गप्प बसते, असं मात्र नाही. पुस्तकातल्या आकृत्यांनी हा गैरसमज पक्का केलाय. छिद्रं उघडी असेपर्यंत उत्तेजक संदेश भोकाच्या हंड्यातल्या पाण्यासारखा गळून जातो, हे खरं कारण.

काजऱ्यातलं स्ट्रिकनीन ग्लायसिनची जागा अडवून बसतं. १५ ते ३० मिनिटांत आचके सुरू होतात.

धनुर्वातात ग्राही शाबूत असतात, पण ग्लायसिनच येत नाही. जंतूचं विष जखमेजवळच्या चेतातंतूतून वर मेरुरज्जूत चढतं, आवरणाऱ्या पेशींत शिरतं आणि सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन कापतं. ते नसेल तर ग्लायसिन आणि गाबा हे आवरणारं दुसरं रसायन पेशीबाहेर पडत नाहीत. या प्रवासामुळेच लक्षणं दिसायला ३ ते २१ दिवस लागतात. धनुर्वातात बहुधा आधी दातखीळ बसते आणि दोन झटक्यांच्या मधेही अंग ताठच राहतं. स्ट्रिकनीनच्या रुग्णाचं अंग मधे सैल पडतं. शुद्ध दोघांनाही असते, वेदना सगळ्या कळतात.

आता झोपेचं औषध. त्यातलं डायझेपाम गाबाच्या ग्राहीवर बसतं, म्हणजे आवरण्याचा दुसरा मार्ग बळकट करतं. पण ते स्वतः छिद्र उघडत नाही. गाबा आलं तर छिद्र अधिक वेळा उघडेल एवढंच बघतं. धनुर्वातात गाबाचाही तुटवडा, त्यामुळे डोस मोठे लागतात आणि व्हेंटिलेटर हाताशी ठेवावा लागतो. प्रतिविष फक्त बाहेर मोकळं फिरणारं विष निकामी करतं, पेशीत शिरलेलं नाही. म्हणून बरं व्हायला आठवडे जातात.

काजरा खाल्लेल्याला उलटी करवू नका, घशात बोट घातलं तरी झटका येतो. आवाज, उजेड, हलवाहलव टाळा आणि तडक रुग्णालयात न्या. धनुर्वातातून उठलेल्यालाही लस घ्यावीच लागते; रोग होण्याइतकं विष प्रतिकारशक्ती जागवायला अपुरं पडतं.