आधी रेशनकार्ड, मग पॉलिसी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

एजंटाने दिलेली माहितीपत्रकं तू पाठवलीस, ती वाचली. घरातल्या सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी घ्यावी का, असं विचारलंस. ती पत्रकं तूर्त बाजूला ठेव आणि घरचं रेशनकार्ड व तुझी पगाराची स्लिप समोर घे. आपल्याकडे आधीच काय आहे हे कळल्याशिवाय विकत काय घ्यायचं ते ठरत नाही. जळगावात हॉस्पिटलच्या विमा टेबलावर मी नोकरी केली. खिशात चालणारं कार्ड असताना अंगावरचं सोनं मोडून डिपॉझिट भरणारी माणसं तिथे पाहिली आहेत.

आपल्याकडे म्हातारी माणसं अजून 'जीवनदायी' म्हणतात, ती योजना म्हणजे आताची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 मध्ये ती पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळं होतं. आता पांढऱ्या रेशनकार्डाचं कुटुंबही तिच्यात बसतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि हॉस्पिटलही यादीतलं हवं. दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, गाठायचं. पेशंट रोखीने दाखल केला आणि दोन दिवसांनी कार्ड काढलं की भानगडी सुरू होतात. नावंही आजच तपासून घे. आधारवर आईचं सासरचं नाव आणि रेशनकार्डावर माहेरचं, असं असेल तर तो गोंधळ ऐन वेळी निस्तरत नाही. तुझ्या नंदुरबारच्या मावशीलाही सांग, तिकडची माणसं उपचाराला सुरतेला धावतात. केंद्राच्या आयुष्मान यादीत नाव असेल तर कार्ड गुजरातेतही चालतं, पण त्या हॉस्पिटलला आधी फोन करून विचारावं.

आता पगाराची स्लिप. तुझा पगार 18,000 आहे. दरमहा 135 रुपये 'ईएसआय', म्हणजे कर्मचारी राज्य विमा, म्हणून कापले जात असतील, तर तुझा विमा झालेलाच आहे. तुझे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25. मर्यादा 21,000 पगाराची. तुझ्यावर अवलंबून असलेले आईवडीलही त्यात धरले जातात, आणि तुझ्या आजारपणात बुडालेल्या पगाराची थोडी भरपाईही होते. कपात होत नसेल तर विचार, तुमच्याकडे माणसं किती? दहा किंवा जास्त असतील तर बहुतेक ठिकाणी कायदा लागू होतो. पगार वाढून 21,000 च्या पुढे गेलास की हे बंद होईल. तेव्हा स्वतःची पॉलिसी हाताशी असलेली बरी, म्हणून पंचविशीतच एक छोटी घेऊन ठेव म्हणतो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

आईच्या शुगरचं काय, हा तुझा खरा प्रश्न. एजंट म्हणाला असेल, "फॉर्मात लिहू नका, हप्ता वाढतो." त्याचं ऐकू नकोस. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा क्लेम मिळण्यासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ती सोसता येते. लपवलेली शुगर मात्र केसपेपरवर येतेच, कारण तिथे डॉक्टर विचारतात आणि आपण सांगतो. आणखी एक सांगतो, हे कुणी बोलत नाही. घाबरलेला मुलगा कॅज्युअल्टीत डॉक्टरला म्हणतो, "खूप वर्षांपासून शुगर आहे हो." प्रत्यक्षात असतात दोन वर्षं. डॉक्टर बिचारा लिहितो 'दहा वर्षं', आणि विमा कंपनी तोच कागद पुढे करते. म्हणून आईचा पहिला रिपोर्ट, त्यावरच्या तारखेसह, जपून ठेव आणि तीच तारीख सांग.

दुसरी मेख खोलीभाड्याची. आरोग्य संजीवनी नावाची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे सारख्या अटींची असते. पहिल्यांदा घेणाऱ्याला ती सोपी, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. खोलीभाडं विमा रकमेच्या 2 टक्के, जास्तीत जास्त रोजचे 5,000. दोन लाखांची पॉलिसी असेल तर 4,000 झाले. तू 6,000 ची खोली घेतलीस तर वरचे 2,000 भरून सुटलो, असं वाटेल. तसं नाही. खोलीप्रमाणे दर बदलणाऱ्या हॉस्पिटलात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. या सगळ्याचं बिल 90,000 झालं तर 60,000 मंजूर, शिवाय मंजूर रकमेतले 5 टक्के आपले. डिस्चार्जच्या दिवशी टेबलावर आरडाओरड व्हायची ती बहुतेक यावरूनच. खोली निवडताना पाहुणे काय म्हणतील हे बघू नये, पॉलिसी बघावी. आपल्याकडे हे जड जातं, मला ठाऊक आहे.

पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत पटली नाही तर परत करता येते. तेवढ्यात एकदा नीट वाच, नाही कळलं तर फोटो पाठव. क्लेम नाकारला तर लेखी कारण माग, आधी कंपनीकडे तक्रार कर, मग विमा लोकपाल आहे. तिथे वकील लागत नाही.

महिन्याच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यात मिळतात, पण योजना किंवा अशी पॉलिसी त्या देणार नाही, हे मात्र ध्यानात ठेव. ईएसआय नसेल तर त्यासाठी चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध यांचे पैसे घेत नाहीत. तिथे गोळी संपलेली असेल तर स्वस्त औषधांचं सरकारी जनऔषधी केंद्र. गोळीच्या ब्रँडपेक्षा आतल्या औषधाचं नाव डॉक्टरकडून लिहून घे.

आजोबांचं सत्तरच्या पुढच्यांसाठीचं आयुष्मानचं वय वंदना कार्ड वेगळं काढायचं आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. पण आयुष्यभर शेतात राबलेल्या हाताचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, म्हणून त्यांच्या आधारला तुझा मोबाइल नंबर आधी जोडून घे. ओटीपीवर काम होतं.

तुझा,
काका