अमेरिकेत लष्करी बदलीनंतर मुलाला स्थानिक सरकारी प्राथमिक शाळेत घालताना काय सांभाळावं?

आधी तळावरच्या स्कूल लिएझन अधिकाऱ्याला गाठा. शाळेशी दुवा साधणं हेच त्यांचं काम. जुनी शाळा सोडतानाच नोंदींची अनधिकृत प्रत मागून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा, सामानाच्या ट्रकमध्ये नको. लष्करी मुलांसाठीचा आंतरराज्य शैक्षणिक करार सर्व 50 राज्यांत लागू आहे. त्यानुसार नव्या शाळेने या प्रतीवरच प्रवेश द्यायचा असतो. अधिकृत नोंदी जुनी शाळा 10 दिवसांत पाठवते. राहिलेल्या लसींना 30 दिवस मिळतात.

खरा घोळ किंडरगार्टनला होतो, कारण वयाची अट राज्यागणिक बदलते. मूल आधीच्या राज्यात प्रत्यक्ष वर्गात बसत असेल, तर इथे वय कमी भरलं तरी तोच वर्ग चालू राहतो. नुसतं पात्र असून शाळा सुरूच झाली नसेल, तर ही सवलत नाही. म्हणून हजेरीचा पुरावा घ्याच.

आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठीची वैयक्तिक शिक्षण योजना) असेल तर त्याची चालू प्रत पहिल्याच दिवशी द्या. शाळेने सुरुवातीला तशाच तुलनीय सेवा द्यायच्या असतात, पुनर्मूल्यमापन मात्र ती नंतर करू शकते. पालक मोहिमेवर जाताना किंवा परतताना मुलाला शाळेतून जादा रजा मिळू शकते; ती आधी लेखी मागा. खासगी शाळांना यातलं काहीच लागू नाही.