सांगली शहराच्या नळजाळ्यात एका वेळी किती पाणी मावते, हे कसे काढावे?

प्रत्येक व्यासाच्या जलवाहिनीची एकूण लांबी घ्या, व्यासाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गाला 0.785 ने गुणून दर किलोमीटरचे लिटर काढा, त्याला किलोमीटरमधील लांबीने गुणा आणि सर्वांच्या बेरजेत उंच टाक्यांतील त्या वेळचा साठा मिळवा. आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढत असल्याने अंदाज चुकतो तो बहुधा मोठ्या वाहिन्यांत: गल्लीबोळांतील 100 मिमी व्यासाच्या 100 किलोमीटर वाहिन्यांत सुमारे 7.85 लाख लिटर मावतात, तर 600 मिमीच्या अवघ्या 3 किलोमीटर मुख्य वाहिनीत सुमारे 8.48 लाख लिटर. म्हणून कृष्णेवरील उपसा केंद्रापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंतची आणि तेथून टाक्यांपर्यंतची लांबी आधी नकाशावर नीट मोजावी. घरगुती जोडण्या शेवटी पाहिल्या तरी चालतात. व्यास मात्र आतलाच धरावा, कारण एचडीपीई व पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपांवर छापलेला आकडा बाहेरील व्यासाचा असतो, आणि जुन्या बिडाच्या वाहिन्या आतून गंजाच्या थराने अरुंद झालेल्या असतात.

हे उत्तर भरलेल्या जाळ्याचे आहे. ठरावीक वेळीच पाणी सोडले जाते तेथे झडप बंद झाल्यावर चढावरच्या वाहिन्या उतारावरील नळांतून आणि गळतीतून रिकाम्या होत जातात, त्यामुळे प्रत्यक्ष साठा तासागणिक बदलतो.